टाकीवरून

गिरणाऱ्याच्या पुढे, टेकडीच्या माथ्यावर
पाण्याची टाकी आहे.
जूनमध्ये तिच्या कठड्याला मी अँटेना बांधली,
आधी ओढणीने, मग क्लॅम्प आल्यावर क्लॅम्पने.
टेकडीच्या अलीकडे थेट्यांचा बाग, पलीकडे पेखळ्यांचा.
दोन्हीकडे वेलीत टांगलेला एकेक डबा,
दर दहा मिनिटांनी सांगणारा
पान किती ओलं आहे.

छाटणी झाली. दव पडायला लागलं.
आणि पहाटे तीन ते पाच
स्क्रीनवर नुसते रिकामे ठिपके.
डाऊनी पानावर पाय ठेवते
नेमकी तीच वेळ.

थेट्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, डबा मेलाय तुमचा.
पेखळ्यांच्या सुनेचंही तेच, जरा सभ्य भाषेत.
मी दोन्ही डबे सातपूरला आणले,
टेबलावर शेजारी ठेवले, तीन रात्री जागले.
एक आकडा हरवला नाही.
एक बोलत असला की दुसरा थांबायचा,
त्याचं संपलं की मग हा.

मग स्वेटर घालून टेकडीच चढले.
तीन वाजून बारा मिनिटं.
थेट्यांच्या डब्याने कानोसा घेतला: शांत.
पेखळ्यांच्या डब्याने कानोसा घेतला: शांत.
मध्ये अख्खी टेकडी.
दोघंही बोलले
आणि टाकीवर पोचली नुसती चरचर,
जिच्यातून ना याचं पान निघेना, ना त्याचं.

मला वाटलं होतं, कुणीतरी गुन्हेगार सापडेल.
इथे तर दोघंही रीतीने वागलेले.
तोंड उघडण्याआधी ऐकलं होतं दोघांनी,
आणि जिथून ऐकलं
तिथवर शांतता खरीच होती.

पाचला पुंजा गांगुर्डे आला, व्हॉल्व्ह सोडायला.
मी सांगितलेलं सगळं ऐकून म्हणाला,
"मग वरून ओरडा ना, ताई."
मला कळेना. तेवढ्यात त्याचा फोन वाजला,
थेट्यांचा मिस कॉल.
त्याने उचलला नाही.
कठड्यावर चढला, एकदा इकडे तोंड, एकदा तिकडे:
"थेट्यांचं पाणी सोडलंय होऽऽ, अर्धा तास!"
पलीकडे मिस कॉल ऐकू जात नाही,
हे जातं.
पेखळ्यांची मोटर अर्धा तास गप्प.

तसं एक सेटिंग होतं.
मीच बंद ठेवलेलं, बॅटरी वाचावी म्हणून.
चालू केलं.
आता डबा आधी बारीक आवाजात विचारतो,
बोलू का, एवढा वेळ?
टाकी दोन्ही अंगांना सांगते: बोल, तेवढा वेळ.
पलीकडच्याला प्रश्न ऐकू येत नाही,
उत्तर येतं,
आणि दुसऱ्याला मिळालेल्या परवानगीवरूनच
त्याला पहिल्यांदा कळतं
की टेकडीमागे कुणी आहे.

कधीकधी प्रश्नच एकमेकांवर आपटतात.
आपटू देत. लहान असतात, फार सांडत नाही.
दोघं आपापल्या मनात फासा टाकून
तितके क्षण थांबतात,
पुन्हा आपटले तर फासा मोठा घेतात.

ऑफिसात सर म्हणाले, दोन आकडे सांगायचे
आणि त्याला एवढे सोपस्कार?
मी म्हटलं, चोवीसातले एकोणीस बुडायचे, सर.
आता एखादा.
ते बॅटरीच्या बिलाकडे बघत राहिले.

मणी ज्वारीएवढे झाले तेव्हा पुन्हा वर गेले.
पुंजा व्हॉल्व्हला ग्रीस लावत होता.
"मिटलं का डब्यांचं भांडण?"
भांडण नव्हतंच, म्हटलं. ऐकू येत नव्हतं, एवढंच.
त्याने पाना उलटा धरून आटा घट्ट केला.
"थेटे-पेखळ्यांचं तरी कुठंय भांडण," म्हणाला,
"अकरा वर्षं झाली, बोलत नाहीत. बस."
मग घड्याळ बघून
कठड्यावर चढला.